तुमच्या बँडची बातमी लागावी असं वाटत असेल तर

पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी सात वर्षं उपसंपादक होते. संध्याकाळी पाचनंतर पत्रकांचा पाऊस पडायचा. सत्यनारायणाची पूजा, सोसायटीची वार्षिक सभा, भजनी मंडळाची नवी समिती, मोफत नेत्रतपासणी आणि अधूनमधून कुठल्या तरी बँडचं नवं गाणं. बँडवाल्यांची बहुतेक पत्रकं मी वाचून बाजूला टाकली, काही न वाचताच. मग माझ्या धाकट्या भावाने डिचोलीत बँड काढला. घुमट (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं तालवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), गिटार आणि बास, अशी चार माणसं. प्रसिद्धीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. "तुझे तिथे सगळे ओळखीचे आहेत ना," असं म्हणाला. ओळखीचे होते, पण ओळखीवर एक बातमी लागते. दुसऱ्या वेळी फोन उचलत नाहीत.

बँडचं नाव इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर हा लेखसुद्धा पत्रक होऊन बसेल.

डेस्कवरच्या माणसाची संध्याकाळ

समजा, साडेसहा वाजलेत. दोघं रजेवर आहेत. तीन पानं लावायची आहेत आणि तिसऱ्या पानावर खाली दोन कॉलमांची जागा उरली आहे. समोर दोन मेल आहेत. पहिला तुमचा. त्यात लिहिलंय "कृपया सोबतचं पत्रक पाहावं", आणि सोबत पीडीएफ. उघडली तर लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो. त्यातला शब्दन् शब्द पुन्हा टाइप करावा लागणार. दुसरा मेल सत्यनारायणाचा. युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच, नावं स्वच्छ. जागा कुणाला मिळेल? मी शेकडो वेळा सत्यनारायणाला दिली आहे आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. मजकूर मेलमध्येच लिहा, युनिकोड देवनागरीत. ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते. मोबाइलवर टाइप केलं तरी चालेल. अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नका. विषयाच्या ओळीत नुसतं "प्रसिद्धीसाठी" लिहू नका, त्या दिवशी आलेल्या साठ मेलांवर तेच लिहिलेलं असतं. "डिचोलीच्या बँडचं घुमटावरचं गाणं २० जूनला, फोटो सोबत" असं लिहिलंत तर निम्मी बातमी तिथेच कळते.

आणि चाळीस पत्ते एकाच मेलमध्ये कोंबू नका. आपल्याबरोबर आणखी कुणाकुणाला पाठवलंय हे प्रत्येकाला दिसतं आणि प्रत्येक जण म्हणतो, दुसरा लावेल.

पत्रक

भावाने लिहिलेलं पहिलं पत्रक असं होतं: "गोमंतभूमीच्या मातीत रुजलेला, तरुणाईच्या हृदयावर अधिराज्य गाजवणारा, पारंपरिक व आधुनिक संगीताचा अनोखा मिलाफ साधणारा गोव्यातील पहिलाच स्वतंत्र बँड रसिकांसाठी घेऊन येत आहे एक आगळीवेगळी सुरेल मेजवानी."

मी लाल पेन घेऊन बसले. तरुणाईच्या हृदयावर अधिराज्य? तोवर तीन कार्यक्रम झाले होते, त्यातला एक मावसभावाच्या मुंजीत. खोडलं. अनोखा मिलाफ प्रत्येक पत्रकात असतो, खोडला. मेजवानीही गेली. "गोव्यातील पहिलाच" वर तर मी पेनच आपटलं. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या यंत्रावर, स्वतःच वाद्यं वाजवून अल्बम केला आणि त्याच्या कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. आणि हा म्हणे पहिला. "पहिला", "एकमेव", "ऐतिहासिक" हे शब्द पत्रकात आले की डेस्कवरचा सगळ्यात जुना माणूस चष्मा वर करून बघतो. त्याला आधीची चार नावं आठवतात आणि तुमचं पत्रक तिथेच संपतं.

खोडून झाल्यावर उरलं काय, तर "बँड" आणि "येत आहे".

मग मी त्याला वार्ताहरासारखे प्रश्न विचारत सुटले. कधी केलं? कुठे केलं? त्रास कशाचा झाला? या शेवटच्या प्रश्नावर तो वैतागून बोलू लागला. पावसात घुमटाचं कातडं सैल पडतं. रेकॉर्डिंगच्या वेळी दर वीस मिनिटांनी थांबून ते दिव्याखाली शेकावं लागायचं. शेकलं की सूर चढतो, मग बासवाला म्हणतो की आता माझं जुळत नाही. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आली, आता शेळीचं लावतात, आणि आरतीला बसणारे म्हातारे अजून कुरकुरतात की तो आवाज गेला. मातीचं भांडं मात्र डिचोलीच्याच कुंभाराकडचं.

मी म्हटलं, अरे गाढवा, हे पत्रकात का नाही?

दुसरा खर्डा असा सुरू झाला: "शेळीच्या कातड्याच्या घुमटाचा सूर बास गिटारशी जुळवायला डिचोलीच्या चौघा तरुणांना गेल्या पावसाळ्यातले दोन महिने लागले. त्यांचं हे गाणं २० जूनला ऑनलाइन प्रसिद्ध होत आहे." पुढच्या परिच्छेदात घोरपड आणि कायदा. त्यानंतर एक ओळ, की २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. ही ओळ वार्ताहराच्या कामाची, कारण वरिष्ठांनी "आत्ता हे कशाला?" विचारलं तर त्याच्या हातात काहीतरी असतं. मग चौघांची पूर्ण नावं, वयं, कोण काय वाजवतो. मग भावाच्या तोंडचं एक वाक्य, तो बोलतो तसंच: "स्टुडिओत घुमट शेकायला आम्ही हॅलोजन नेला होता, मालकाला वाटलं आम्ही शूटिंग करणार." शेवटी गाण्याचा दुवा आणि एक फोन नंबर. नंबर अशाचा द्या जो फोन उचलतो. आमच्याकडे तो शामेळवाला आहे. भावाचा फोन कायम सायलेंटवर.

हे पत्रक तीन कॉलम फोटोसह लागलं. दोन ठिकाणांहून फोन आला की घुमट शेकतानाचा फोटो आहे का. नव्हता. तुम्ही काढून ठेवा. म्हणजे तुमच्याकडे जे काही शेकण्यासारखं असेल त्याचा.

तुमच्या बँडमध्ये घुमट नसेल. पण काहीतरी अडलेलं, बिघडलेलं, कुणाकडून तरी मागून आणलेलं असतंच. एकाने वडिलांच्या बंद पडलेल्या टॅक्सीत आवाज रेकॉर्ड केला होता, कारण घरात शेजारच्या मिक्सरचा आवाज यायचा. बातमी त्या टॅक्सीत होती आणि पत्रकात त्याने लिहिलं होतं "तरल भावस्पर्शी गीत".

तीन भाषा आणि एक अवघड प्रश्न

गोव्यात एकाच गावाला तीन नावं असतात. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, इंग्रजीत बिचोलिम. आडनावांचंही तेच. मराठीत देसाई असलेला माणूस इंग्रजी कागदपत्रांत दोन एस लावतो आणि एक एस छापला तर त्याला तो दुसराच कुणीतरी वाटतो. म्हणून इंग्रजी पत्रक वेगळं लिहा, नावांची स्पेलिंगं ज्याची त्याला विचारून. मराठी पत्रक यंत्राने भाषांतरित करून इंग्रजी दैनिकाला पाठवलेलं ओळखू येतं.

भाषा बदलली की बातमीही थोडी बदला. तरुण भारत, गोमन्तक, नवप्रभा, लोकमत, पुढारी वाचणाऱ्या घरांत आरत्या आणि भजनं पाठ असतात, तिथे घुमटाचं कौतुक आहे. हेराल्ड किंवा नवहिंद टाइम्सच्या पुरवणीला कार्यक्रम कुठे, किती वाजता, तिकीट आहे का, हे आधी हवं. भांगरभूंय या कोंकणी दैनिकाला गाण्यातल्या शब्दांत रस असतो. रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणारी माणसं वावराड्यांचो इष्ट हे साप्ताहिक १९३३ पासून वाचतायत. त्यांच्यासाठी लिहायचं तर रोमी लिपीत लिहून देणारा मित्र शोधा. हेराल्डच घ्या ना, १९०० मध्ये पोर्तुगीजमधून निघालेलं दैनिक १९८३ मध्ये इंग्रजी झालं. इथे एका पत्रकावर भागत नाही.

गाणं मराठीत असेल तर एक प्रश्न येणार म्हणजे येणारच: "कोंकणीत का नाही?" कोंकणीत असेल तर त्याचा उलटा. कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की चहा गार होतो. उत्तर आधी ठरवा, चौघांचं एकच असू द्या आणि ते खरं असू द्या. भाऊ पहिल्यांदा म्हणाला होता, "कोंकणीत यमक जुळत नाही." हे छापून आलं असतं तर बातमी गाण्याची न राहता वादाची झाली असती. नशीब, हे तो माझ्यासमोर स्वयंपाकघरात म्हणाला. खरं कारण साधं होतं. आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि आरत्या मराठीत. गाणं आरतीच्या चालीवरून सुचलं म्हणून शब्द मराठीत आले. हे सांगितलं की विचारणाराही मान हलवतो, कारण त्याच्या घरीही तसंच असतं.

कुणाला गाठायचं

संपादकांना मेल पाठवून वाट बघू नका. प्रत्येक तालुक्याला वर्तमानपत्राचा वार्ताहर असतो. तो बहुधा शिक्षक असतो, नाहीतर दुकान चालवतो, आणि पंचायतीच्या बैठकीपासून जत्रेपर्यंत सगळं एकटा बघतो. "डिचोली, प्रतिनिधी" असं बातमीवर येतं तो हा माणूस. त्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा. आमच्याकडे नावापुढे बाब लावून बोलतात, तसं बोला. पंधरा मिनिटं बसा, गाणं त्याच्या मोबाइलवर ऐकवा. त्याने पाठवलेली बातमी डेस्कवर घरच्या माणसाची म्हणून येते, तुमचा मेल परक्याचा.

मुलाखत किंवा मोठा लेख हवा असेल तर पुरवणीकडे जा. दोन आठवडे पुरवण्या वाचा आणि संगीतावर कोण लिहितंय त्यांची नावं वहीत लिहा. त्या व्यक्तीने आधी काय लिहिलंय ते वाचून मगच मेल करा. रविवारच्या पुरवणीची पानं आम्ही बुधवार-गुरुवारीच लावून टाकायचो. शनिवारी फोन करून "उद्या येईल का?" विचारणाऱ्यांना मी गोड आवाजात "बघते" म्हणायचे. बघायला काही उरलेलंच नसायचं. दहा दिवस आधी पाठवा.

फोन अकरा ते एकमध्ये करा. पाचनंतर अजिबात नाही. "पत्रक मिळालं का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही, मिळालेलं असतंच. दोन दिवसांनी एकदाच फोन करा आणि काहीतरी नवं घेऊन करा. तालमीचा फोटो आहे, किंवा शनिवारी साखळीच्या रवींद्र भवनात वाजवतोय, याल का.

आता माझी फजिती. दुसऱ्या गाण्याच्या वेळी एका पुरवणीला मी शब्द दिला, मोठी मुलाखत फक्त तुम्हाला. त्याच आठवड्यात भावाने दुसऱ्या पेपरच्या वार्ताहराला, मला न विचारता, कॉफी पिता पिता तीच गोष्ट सांगितली. हॅलोजनसकट. दोन्हीकडे एकाच रविवारी आलं. आपल्यालाच हे मिळालं असं समजून पुरवणीच्या ज्या बाईने अर्धं पान दिलं होतं, तिने नंतर सहा महिने माझा फोन घेतला नाही. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून आमचा नियम आहे, साधी बातमी सगळ्यांना एकाच दिवशी, मुलाखत एकालाच, आणि कुणाला काय सांगितलं ते चौघांच्या ग्रुपवर लगेच लिहायचं.

मुंबई-बेंगळुरूच्या संगीत नियतकालिकांना आणि संकेतस्थळांना तीन-चार आठवडे आधी लिहा. गाण्याचा खाजगी दुवा द्या आणि अमुक तारखेआधी छापू नये हे वरच लिहा. प्रसिद्ध होऊन गेलेल्या गाण्यात त्यांना रस नसतो. उत्तर दहातून एकाचं येतं, तेवढं धरूनच चाला.

कधी

जून. पर्यटक गेलेले असतात, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, कार्यक्रम थंडावलेले असतात आणि पुरवणीवाल्यांना पान भरायची काळजी असते. नोव्हेंबर टाळा. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आहे आणि त्या दिवसांत कला-पानावर दुसऱ्या कशालाही जागा नसते. निवडणुकीचा निकाल, कार्निव्हल, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, हेही टाळा. डिसेंबरात २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव भरतो. तेव्हा स्थानिक पानं भरलेली असतात, पण बाहेरगावचे लिहिणारे लोक पणजीत फिरत असतात. त्यांना मेल नको, भेटा आणि कुठे वाजवताय ते सांगा.

घुमटवाल्यांना एक जास्तीची संधी आहे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी प्रत्येक पेपरला घुमटावर काहीतरी हवं असतं आणि दर वर्षी तेच तेच छापून ते कंटाळलेले असतात. चवथीच्या तीन आठवडे आधी त्यांच्या दारात उभे राहा.

फोटो

स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यातला फोटो मोबाइलवर झकास दिसतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तो डांबरासारखा येतो. दिवसाउजेडी, पडवीत किंवा अंगणात, साध्या भिंतीसमोर उभे राहा, वाद्यं हातात. काळे कपडे नकोत. एक फोटो आडवा, एक उभा, म्हणजे पान लावणाऱ्याला जागेप्रमाणे निवडता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला की तो आकसतो आणि छपाईत फुटतो. खाली ओळ लिहा: "डावीकडून", आणि मग नावं, फोटोत आहेत त्या क्रमाने.

ही ओळ मी एकदा विसरले. डेस्कवर कुणीतरी अंदाजाने तीन नावं लावली, चौथं राहिलं. त्या वर्षी चवथीला शामेळवाल्याच्या घरी नेवऱ्या (करंज्या) घेऊन गेले. त्याच्या आईने डबा घेतला, आत नेऊन ठेवला, बाहेर आली आणि पेपर पुढे धरला. "म्हज्या पुताचें नांव खंय गे?" (माझ्या मुलाचं नाव कुठे गं?) मी सात वर्षं डेस्कवर काढलेली बाई, काय सांगणार?

पत्रकार परिषद आणि पैसे

पत्रकार परिषद घेऊ नका. हॉटेलचं भाडं, चहा-सामोसे, आणि फोटो कसला येतो, तर टेबलामागे बसलेली पाच माणसं आणि पाच पाण्याच्या बाटल्या. त्या पैशांत अर्धा दिवस स्टुडिओ मिळतो. स्थानिक चॅनेलवाले आले तर त्यांना बोलून दाखवू नका, वाजवून दाखवा. चाळीस सेकंदांचा स्वच्छ तुकडा तयार ठेवा.

"जाहिरात द्या, बातमी लावतो" असं कुणी म्हणालं तर ती बातमी नाही, जाहिरात आहे, एवढं डोक्यात असू द्या. जाहिरातीचा दर जागेच्या मापावर असतो. तो विचारा, परवडली तर जाहिरात म्हणूनच द्या. आम्ही एकदाही दिली नाही.

लागल्यावर

त्याच दिवशी एका ओळीचा आभाराचा मेसेज. "फोटो लहान का आला?" हे विचारू नका, तो वार्ताहराच्या हातात नसतो. नाव चुकलं असेल तर सांगा, पण ऑनलाइन आवृत्तीत दुरुस्त कराल का असं विचारा, ते लगेच होतं. आमचा चौथा तसाच परत आला, निदान इंटरनेटवर.

पेपर घरी विकत घ्या, दोन प्रती. बातमी कापून फाइलला लावा आणि मोबाइलवर फोटो काढण्याऐवजी स्कॅन करून ठेवा. महोत्सवाच्या अर्जाला, एखाद्या सभागृहाच्या व्यवस्थापकासमोर किंवा पुढच्या पेपरकडे जाताना ही फाइल उपयोगी पडते. कात्रणाच्या कडेला पेपरचं नाव, तारीख आणि पान पेनाने लिहा, कापायच्या आधी. आमच्या पहिल्या कात्रणावर मी काहीच लिहिलं नव्हतं. अर्ज भरताना तारीख हवी होती. शेवटी ते उलटं करून बघितलं. मागे कुणाच्या तरी प्रथम पुण्यतिथीची जाहिरात अर्धी कापली गेली होती, तिच्यावरून आम्ही वर्ष काढलं.